शेळीनं खाल्लेली शेवटची पानं

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

शेजारच्या खोलीत शाळेच्या मॅडम भाड्यानं राहतात. किराण्याचा कागद मी उभ्याउभ्या वाचत होते, ते बघून त्यांनी मला एक जाड पुस्तक दिलं. स्वीडन देशातल्या खुनाच्या गोष्टी, मराठीत आणलेल्या. पुस्तकं चार, फौजदारीण एकच. तिकडची नावं जिभेवर बसेनात, म्हणून मी आपलीच ठेवली. लाकूडवाला, मेलेल्याची थोरली बहीण. तिथं हिवाळ्यात दुपारी तीनला दिवस मावळतो. त्या फौजदारणीला चारचौघांत बोलायचं जिवावर येतं, तरी ती एकेक दार वाजवते आणि तेच पुन्हा विचारते. मला ती फार आवडली. ओळीवर बोट ठेवून मी दोन पुस्तकं संपवली.

तिसऱ्याची वीसेक पानं उरली होती. सासूबाईंनी हाक मारली म्हणून पुस्तक बाजेवर पालथं ठेवून आत गेले. परत आले तर शेळी सुटलेली आणि तिच्या तोंडात कागद. शेवटची पानं गेली.

सासूबाई म्हणाल्या, "आता शेळीला ठावं हाय खून कुनी केला. तुलाच न्हाई."

मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. "जाऊ द्या ताई. बसा, मी सांगते कोणी मारलं ते."

"नका सांगू. मी वाचनार हाय. नवं आना, पैसे मी देते. फिटेस्तोवर ते तुमच्यापाशीच राहू द्या."

एवढं बोलून माझे कान तापले.

मॅडमनी परभणीहून पुस्तक आणलं. साडेतीनशे रुपये. "आधी वाचा, पैशाचं नंतर बघू," म्हणाल्या. मी घेतलं नाही. फुकट घेतलं असतं तर चौथं मागायला मला तोंड उरलं नसतं.

कापूस वेचायला जात होतेच. घरचं भागवून आठवड्याला पन्नास बाजूला काढून मॅडमना देऊ लागले. भाकरीच्या सुट्टीत बायकांना गोष्ट सांगायचे.

"लाकूडवाल्यानंच मारलं बग," शेजारीण म्हणाली. "कुऱ्हाड त्याच्याच घरात हाय."

"कुऱ्हाड तुज्या घरात बी हाय की."

"म्हनून तर आमचं मानूस गप ऱ्हातंय."

माझा संशय थोरलीवर होता. ती म्हणते, खून झाला त्या दिवशी मेंढी व्याली, मी गोठ्यातच होते. पण फौजदारीण आली तेव्हा ही धुतल्या कपड्यात कॉफी घेऊन उभी. मेंढी व्यालेल्या दिवशी बाईला एवढी उसंत कुठली? खरं-खोटं वाचल्याशिवाय कळणार नव्हतं. लय वेळा वाटलं, मॅडमना विचारून मोकळं व्हावं. विचारलं नाही.

काल सकाळी मॅडम शाळेला निघाल्या होत्या. शेवटचे पन्नास मी त्यांच्यापुढं धरले.

"अहो, राहू द्या ना."

मी नोट त्यांच्या हातात ठेवली. "सगळे फिटले," म्हटलं. "आता पुस्तक द्या."