काकांनी काढलेलं तिकीट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते जयेंद्रगंजमधल्या काकांचे. नात्याने ते माझे कोणी लागत नव्हते. रेल्वेची तिकिटं काढून देणं हा त्यांचा धंदा होता आणि दुकानामागची एक खोली रिकामी होती. मी सबलगढहून कॉलेजसाठी ग्वाल्हेरला आलो तेव्हा ती खोली त्यांनी मला दिली, शिक्षण पुरं होईपर्यंत काकूंनी जेवू घातलं, फी काकांनी भरली. माझे वडील तहसील कचेरीत चपराशी होते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. शाळा हिंदी, घरातली मराठीही निम्मी हिंदी. न अडखळता मराठी लिहायला मला काकांनीच शिकवलं. हे सगळं आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याविषयी चांगलं बोलणार नाही.

काकांचे पूर्वज ग्वाल्हेरच्या दरबारात हुद्द्यावर होते, आणि काकांचं दुकानही दरबारासारखंच चाले. तिथे गिऱ्हाईक तिकीट घ्यायला जात नसे, विनवणी करायला जाई. काका “बघतो” म्हणत आणि माणसाला दोन-तीन खेपा घालायला लावत. तिकीट मात्र तोवर खणात तयार असे. आरक्षण सुरू झालं की मनाला येतील ती नावं आणि वयं घालून काका जागा अडवून ठेवत. मग जो येईल त्याच्या हातात त्यातलं जमेल ते ठेवत. खिडकीवरच्या तिकिटाला तेव्हा ओळखपत्र लागत नसे. लश्कर म्हणजे ग्वाल्हेरचा आमचा भाग; तो अर्धा दुसऱ्याच्या नावाने प्रवास करत होता आणि वर काकांचे आभार मानत होता. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं आणि सरकारी नोकरांची वाटणी सुरू झाली. ती कितीतरी दिवस रेंगाळली. मीही तोवर सरकारी नोकरीत लागलो होतो; अखेर माझ्या वाट्याला रायपूर आलं. वडील तोवर गेले होते, आई माझ्याजवळ ग्वाल्हेरच्या कंपू भागात राहत होती. तिचे गुडघे पार गेले होते. तिला मागे ठेवणं शक्यच नव्हतं.

इंटरनेटवर तिकीट नुकतंच मिळू लागलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायबर कॅफे होता. आमची तिकिटं तिथेच काढावीत असं मी ठरवलं आणि काकांना अंधारात ठेवायचं नाही म्हणून आधी त्यांना सांगायला गेलो.

“वा! म्हणजे आता तू त्या डब्यातून तिकीट काढणार,” काका म्हणाले. “बडा साहब झालास. इथे तुझी अख्खी ऑफिसं रायपूरला चालली आहेत, रोज माझ्या दारात उभी असतात. घरचाच लड़का माझ्याकडे येत नाही म्हटल्यावर ते कशाला येतील?”

ज्यांच्या घरी इतकी वर्षं जेवलो त्यांच्यापुढे तोंड उघडायची मला सवय नव्हती. तिकिटं तुम्हीच काढा, असं सांगून परत आलो.

ती मला मिळाली निघायच्या दिवशी सकाळी. दोन बर्थ. एक पुरुष, चौतीस वर्षांचा. एक बाई, एकोणतीस वर्षांची. आडनाव एकच, आमचं नव्हे.

“काका, हे तर नवरा-बायको आहेत.”

“हां, मग? दोन बर्थ जवळजवळ मिळताहेत ते बघ ना. आईला म्हणावं, पदर ओढून पडून राहा. कौन पूछता है?”

आईला मी तिकिटावरचं त्या बाईचं नाव सांगितलं, दोनदा म्हणून घेतलं. तिने मान डोलावली. का म्हणून विचारलं नाही. शिकलेला मुलगा सांगतोय म्हणजे बरोबरच असणार, असं तिचं सगळ्याच बाबतीत होतं.

झाशी सोडली आणि टीसी आला. अजून उजेड होता. त्याने तिकीट पाहिलं, आईकडे पाहिलं, परत तिकीट पाहिलं.

“ये आपकी मिसेस हैं?”

आजूबाजूचे हसले. समोरचा एक जण त्याच्या सोबत्याला म्हणाला, “भाभीजी के लिए जगह करो भाई.” मी काहीतरी बोलू लागलो. टीसीने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्याने आईला विचारलं, “अम्मा, नाम क्या है आपका?”

आईने स्वतःचं नाव सांगितलं. मग वडिलांचं सांगितलं. मग गाव सांगितलं. कचेरीत जबानी द्यावी तसं, सावकाश.

“ये मेरा बेटा है. बीएससी है.”

“पढ़े-लिखे हैं, तभी तो,” टीसी म्हणाला आणि त्याने पावतीपुस्तक काढलं.

दंड भरला. बर्थ गेले. इटारसीपर्यंत आई दाराजवळ वळकटीवर बसून होती. गुडघे वळत नाहीत म्हणून पाय लांब पसरलेले, आणि संडासाला जाणारे लोक ते ओलांडून जात होते. बीना गेल्यावर एवढंच म्हणाली, “तुझ्या काकांना माझं नाव ठाऊक नव्हतं का रे?”

ठाऊक होतं. दर संक्रांतीला तिने पाठवलेली तिळाची गजक काका तिचं नाव घेऊन, वाखाणत खात असत.

रायपूरला पोहोचल्यावर मी त्यांना फोन केला. काय घडलं ते सांगितलं. मला वाटलं होतं, निदान आईची चौकशी करतील.

“अरे, पण तिने नाव सांगितलंच कशाला?” काका म्हणाले. “चुप बसायचं ना. इतके लोक जातात, कुणाचं काही होत नाही.” आणि लगेच विचारलं, तुझ्या ऑफिसातल्या किती जणांना दिवाळीला यायचं आहे, सगळ्यांना माझ्याकडेच पाठव.

मी आता ग्वाल्हेरला परत आलो आहे, दर्पण कॉलनीत राहतो. इथले काही शेजारी अजून एजंटाकडे जातात. म्हणतात, यंत्राला माणुसकी नसते, एजंट आपला माणूस असतो. यंत्राचे ताप मीही भोगले आहेत. पान अडकतं, पैसे कापले जातात आणि तिकीट येत नाही, तक्रार कुणाकडे करावी ते कळत नाही. पण ते यंत्र प्रवास करणाऱ्याचं नाव विचारतं आणि आपण सांगू तेच छापतं. आपल्या माणसाकडून मला तेवढंसुद्धा मिळालं नव्हतं.

त्या फोननंतर आठवड्याभराने मी काकांना पत्र पाठवलं. ते असं:

तीर्थरूप काका,

आम्ही इथे नीट स्थिरावलो आहोत. आईचे पाय सुजले होते, आता उतार आहे. ती तुम्हा दोघांना नमस्कार सांगते. गाडीतलं काही लिहू नकोस, असंही सांगते. ते मी ऐकत नाही.

तुम्ही शिकवलं नसतं तर मी आज सबलगढच्या तहसिलीत बाकावर बसलो असतो. याची फेड माझ्याने होणार नाही आणि तशी ऐट मी आणत नाही. पण तिने नाव सांगितलंच कशाला, असं तुम्ही विचारलंत. माझ्या आईला खोटं बोलता आलं नाही, हा तुम्हाला तिचा दोष वाटतो. मला तो तुमचा वाटतो. तिला खोटं बोलायला लावलं, त्यात मीही तुमच्याबरोबर आहे.

इथे ग्वाल्हेरचे आम्ही बरेच जण आहोत. तुम्ही त्यांना तुमच्याकडे पाठवायला सांगितलं होतंत. मी त्यांना काल सायबर कॅफेत घेऊन गेलो आणि दिवाळीची तिकिटं काढून दिली. यात तुमचं नुकसान आहे हे मला कळतं. ते मी मुद्दाम केलं आहे. दुसऱ्या कोणाकडून तुमच्या कानावर जाण्यापेक्षा माझ्याकडून जावं म्हणून लिहितो.

दिवाळीत येईन तेव्हा काकूंच्या पाया पडायला घरी येईन. तुम्ही घरी असलात तर तुमच्याही पडेन. दुकानात येणार नाही.