आम्ही पार्सिमोनियस माणसं

माझे वडील नांदेडला एका शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि कुणाला नावं ठेवायची झाली की इंग्रजीतच ठेवायचे. मराठीत ठेवली तर भांडण होतं, इंग्रजीत ठेवली तर समोरचा चहा पाजतो, असा त्यांचा अनुभव होता. दूधवाल्याला ते तोंडावर ‘अनस्क्रुप्युलस’, म्हणजे चक्क लबाड, म्हणायचे. तो हसून म्हणायचा, ‘‘सरांची कृपा हाय,’’ आणि दुसऱ्या दिवशीही तेवढंच पाणी घालायचा.

एका बाबतीत मात्र बाबांकडे दयामाया नव्हती. शब्दाचा अर्थ चुकला की शून्य. जवळपास बरोबर असं काही त्यांच्या वहीत नसायचं. कंजूषपणाच्या शब्दांवर तर त्यांचा एक आख्खा तास असायचा. थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी, तो कौतुकाचा शब्द. फ्रूगल म्हणजे थोडक्यात भागवणारा, तोही चांगलाच. स्टिंजी म्हणजे आपला साधा चिकट माणूस. मायझर नुसता साठवतो, स्वतःच्याही जिवाला खात नाही. आणि पार्सिमोनियस म्हणजे असून हात आखडणारा. देतो ते थोडं, आणि तेही जिवावर आल्यासारखं. थ्रिफ्टीच्या जागी पार्सिमोनियस लिहिलंत तर उत्तर चूक, असं म्हणून ते फळ्यावर जोरात रेघ ओढायचे आणि खडू मोडायचा. मी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे मला हे झोपेतही सांगता येतं.

माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा आम्ही लातूरला मुलाचं घर बघायला गेलो. मुलाच्या वडिलांचं गंजगोलाईजवळ भांड्यांचं दुकान. त्यांना सगळे अप्पा म्हणत. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा सदरा, आणि घरभर घागरी, पातेली, डबे, कोठ्या. उन्हाळ्याचे दिवस होते. आम्ही एसटीनं घामाघूम होऊन पोचलेलो. आतून ताटात पाण्याचे ग्लास आले. ग्लास मुळात लहान, आणि तेही अर्धेच भरलेले.

नांदेडला गोदावरी उशाशी. आमच्याकडे पाहुणा आला की भरलेला तांब्या पुढं ठेवायचा, त्यानं हवं तेवढं प्यावं, उरलेलं अंगणात ओतावं. बाबांनी त्या अर्ध्या ग्लासाकडं बघितलं, मग भिंतीला लावलेल्या घागरींच्या उतरंडीकडं बघितलं, आणि माझ्याकडं तोंड करून स्वच्छ आवाजात म्हणाले, ‘‘पार्सिमोनियस पीपल.’’

‘‘काय म्हणले सर?’’ अप्पांनी विचारलं.

मी पंख्याकडं बघू लागले. दूधवाल्यानं असा अर्थ कधीच विचारला नव्हता, त्यामुळे बाबांची तयारी नव्हती.

‘‘म्हणजे... जपून वापरणारी माणसं,’’ बाबा म्हणाले.

‘‘आसं व्हय!’’ अप्पा मांडी सावरून बसले. ‘‘पुन्हा म्हणा की एकदा.’’

बाबांना पुन्हा म्हणावं लागलं. मग अप्पांनी स्वतः म्हणून बघितलं आणि ते पहिल्याच झटक्यात बरोबर म्हणाले. ‘‘आमच्या वागण्याला इंग्रजीत शब्द हाय, हे आजवर कुणी सांगितलंच न्हाई बघा. घ्या सर, पाणी घ्या. लागल तेवढं मागा, पर उरवू नका.’’

बाबांनी दोन घोट घेतले आणि ग्लास खाली ठेवला. निघताना मी वळून बघितलं तर अप्पा तो ग्लास उचलून उरलेलं पाणी मोगऱ्याच्या कुंडीत ओतत होते. बसमध्ये बाबा म्हणाले, ‘‘हे स्थळ नको.’’ पण मुलगा मला पसंत होता, आणि पाण्याच्या ग्लासावरून स्थळ मोडलं असं लोकांना काय तोंडानं सांगणार? लग्न झालं.

लातूरला आल्यावर मला त्या ग्लासाचा उलगडा व्हायला एक आठवडा पुरला, कारण त्या आठवड्यात नळ आलाच नाही. लातूरला नळ येतो त्याच्या पाळीनं. तो आला की गल्लीत ‘नळ आलाऽऽ’ अशी हाळी होते आणि जेवत्या ताटावरून माणसं उठतात. ज्या उन्हाळ्यात या शहराला रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, तेव्हापासून तर अप्पांच्या घराला शिस्तच लागली होती. ग्लास अर्धा द्यायचा. आणखी हवं असेल तर आणखी अर्धा, कितीही वेळा, कुणी हूं की चूं करणार नाही. पोट भरलं की ग्लास पालथा घालायचा, म्हणजे वाढणाऱ्याला कळतं. उष्टं पाणी मात्र उरवायचं नाही. सकाळी पूजेला अप्पा तळहातावरच्या इष्टलिंगावर पळीभरच पाणी घालायचे. देवाला पळीभर आणि पाहुण्याला अर्धा ग्लास, म्हणजे पाहुण्याचा मान मोठाच म्हणायचा.

सुरुवातीला मी नांदेडच्या सवयीनं बादलीभर पाण्यानं अंघोळ करायची. कुणी एका शब्दानं बोललं नाही. काही दिवसांनी न्हाणीत नवी बादली आली, आधीच्या निम्म्यानं. दुकानातलीच होती. अप्पा म्हणाले, ‘‘बघ बाई, नवी डिझाईन आलीय.’’

तो शब्द मात्र अप्पांनी उरवला नाही. दुकानात गिऱ्हाईक मोठी घागर मागू लागलं की ते म्हणायचे, ‘‘लहान घ्या, आमी पार्सिमोनियस माणसं हाव.’’ लग्नात, बारशाला, टँकरच्या रांगेत, जिथं जागा मिळेल तिथं ते हा शब्द वापरायचे, आणि बाबा शेजारी असले तर त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगायचे, ‘‘ह्या सरांनी दिलेला किताब हाय.’’ बाबा अशा वेळी चप्पल शोधायला लागायचे.

मी लातूरला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. लातुरात क्लास म्हणजे काय ते सांगायला नको. इथं पोरं झोपेतही पर्याय निवडतात. आमच्या शब्दसंग्रहाच्या पुस्तकात हा शब्द आहेच. माझ्या वर्गात निम्मी मुलं अप्पांच्या गिऱ्हाइकांची. दर वर्षी ते पान आलं की मी तेवढा शब्द गाळून पुढं जाते. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, मधला एक शब्द राहिला.’’ मी म्हटलं, ‘‘तो परीक्षेला येत नाही.’’ त्या वर्षी तो आला.

बाबा वर्षातून एखाद्या वेळी लातूरला यायचे, आणि येताना नांदेडहून स्वतःची पाण्याची बाटली घेऊन यायचे. माझ्या सासरच्या घरात पाहुणचाराचं पाणी पिणार नाही, असा तो निषेध होता. ते मधल्या खोलीत सगळ्यांच्या समोर बाटली काढायचे, झाकण उघडायचे, गटागटा प्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. अपमान करावा तर असा. पण तो पोचेल तर ना! अप्पा गल्लीत सांगायचे, ‘‘पाव्हणा आसावा तर आमच्या सरांसारखा. सोताचं पाणी सोता आणतो. लई विचारी माणूस.’’ लातुरात पाहुण्यानं स्वतःचं पाणी आणलं यापेक्षा मोठा शहाणपणा नाही. बाबांना हे मी कधी सांगितलं नाही, आणि त्या शब्दाचा खरा अर्थ अप्पांना. दोघंही आपापल्या जागी खूश होते आणि मला रात्रंदिवस धास्ती होती.

मग आई गेली. बाबा नांदेडच्या घरात एकटे राहिले. त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, दोनदा ते न्हाणीत घसरले, आणि मला ते शेजाऱ्यांकडून कळलं. मी लातूरला या म्हणून विनवण्या केल्या. नवऱ्यानं सांगून बघितलं. अप्पांनी तर खोली रंगवून ठेवली. बाबा फोनवर एकच सांगायचे, ‘‘तिथं माझं जमणार नाही.’’ का ते मला ठाऊक होतं. अर्ध्या ग्लासापायी माझा म्हातारा बाप एकटा पडून मरणार, याचा मला इतका राग यायचा की मी फोन आपटायचे आणि मग पुन्हा लावायचे.

त्या पावसाळ्यात गोदावरीला पूर आला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमचं घर खाली दोन खोल्या, वर एक. बाबा वर जाऊन बसले. पूर ओसरला तरी नळ सुरू होईना, कारण पाण्याचे पंपच पाण्याखाली गेले होते. भोवताली गुडघाभर चिखलपाणी आणि प्यायला थेंब नाही. बाबांनी नांदेडकराच्या रीतीला जागून पहिल्याच दिवशी खालच्या लोकांना तांब्या भरभरून पाणी वाटलं होतं आणि दुपारपर्यंत घरातला माठ संपवला होता. फोन लागला तेव्हा त्यांचा आवाज चिरका येत होता. ‘‘मी बरा आहे,’’ म्हणाले. घसा सुकलेला माणूस बरा आहे असं म्हणाला की ते ऐकवत नाही.

अप्पा शेजारी बसून ऐकत होते. ते उठले, दुकानात गेले आणि नव्याकोऱ्या स्टीलच्या कॅन घेऊन आले, विकायच्या, कागदही न काढलेल्या. त्यांनी आमचा हौद उपसायला घेतला. लातूरलाही पाऊस होता, पण नळ आपल्या पाळीनंच येणार होता आणि पाळी लांब होती. नवरा म्हणाला, ‘‘अप्पा, मग आपण काय प्यायचं?’’

‘‘गल्लीत मागू,’’ अप्पा म्हणाले. जन्मात त्यांनी कुणाच्या दारात पाणी मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

पिकअपमध्ये कॅन लादून आम्ही निघालो. अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचायला दुपार झाली. गल्लीत चिखलाचा वास सुटला होता. घरातली खालची पुस्तकं बाबांनी वरच्या गच्चीच्या कठड्यावर वाळत घातली होती. सगळ्यात पुढं त्यांची डिक्शनरी, फुगून उशीएवढी झालेली.

बाबा खाटेवर बसले होते. ओठांना चिरा पडल्या होत्या. अप्पांनी जिना चढून कॅन खाली ठेवली, दम खाल्ला, खिशातून आपला तो लहान ग्लास काढला आणि अर्धा भरून बाबांपुढं धरला.

‘‘घ्या सर. लागल तेवढं मागा, पर उरवू नका.’’

बाबांनी ग्लासाकडं बघितलं. बाबांनी तो घेतला आणि रिकामा केला. मग ग्लास पुढं केला. अप्पांनी पुन्हा अर्धा भरला. असं काही वेळ चाललं.

कॅन आलेल्या बघून शेजारीपाजारी जिन्यात जमले. अप्पा प्रत्येकाला अर्धा अर्धा ग्लास देऊ लागले. समोरचे बँकेतून निवृत्त झालेले साहेब, शिकलेले गृहस्थ, अर्ध्या ग्लासाकडं बघून म्हणाले, ‘‘भरून द्या की हो, एवढं आणलंय तर.’’

‘‘साहेब, पुन्हा मागा, पुन्हा देतो,’’ अप्पा म्हणाले. ‘‘आमी पार्सिमोनियस माणसं हाव.’’

साहेब खदखदा हसले. ‘‘अहो, काय स्वतःला शिव्या देता! पार्सिमोनियस म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुम्हाला?’’

अप्पांचा हात कॅनवर थांबला. ते बाबांकडं बघायला लागले. इतकी वर्षं मी या क्षणाला भ्यायले होते आणि तो माझ्याच माहेरच्या जिन्यात येऊन उभा राहिला होता. बाबांच्या हातात अजून अर्धा ग्लास होता. खोटा अर्थ त्यांनी एकदा गडबडीत सांगितला होता. आता विचार करायला पुरेसा वेळ होता, आणि ते विचार करत होते.

‘‘पार्सिमोनियस म्हणजे जपून वापरणारा,’’ बाबा म्हणाले. आवाज वर्गातला होता.

‘‘अहो सर, तुम्हीच आमच्या पोराला शिकवलंय,’’ साहेब म्हणाले. ‘‘डिक्शनरीत चक्क दिलंय—’’

‘‘डिक्शनरी भिजली आहे,’’ बाबा म्हणाले.

साहेबांनी कठड्याकडं बघितलं. ती खरंच भिजलेली होती. त्यांनी मुकाट्यानं आपला अर्धा ग्लास संपवला. अप्पांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाचा ग्लास भरायला घेतला. मला तिथंच रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

जिना रिकामा झाल्यावर बाबांनी हातातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. मग आमच्या लातूरच्या घरात घालतात तसा ग्लास जमिनीवर पालथा घातला आणि गुडघ्यावर हात रोवून उठले. फळीवर त्यांची प्रवासाची बॅग होती आणि शेजारी ती बाटली.

‘‘बॅग काढ,’’ बाबा मला म्हणाले. मी बाटलीकडंही हात नेला.

‘‘ती राहू दे.’’