मनोहरचं शेवटचं स्पूल

मनोहर गेला हे मला लाऊडस्पीकर मागायला आलेल्या माणसाने सांगितलं. सोलापूरच्या सात रस्त्यावरच्या माझ्या दुकानात मी एका रेडिओच्या काट्याची दोरी ओवत बसलो होतो. चर्चच्या पंचमंडळातले एक वजनदार गृहस्थ पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "उद्या चारला कर्णा आणि माईक पाठवा. गर्दी होणाराय." मी विचारलं, "लग्न कुणाचं?" तर म्हणतात, "लग्न कुठलं? साळवे पाद्री गेले की सकाळी. हार्टचं झालं." दोरी हातातून सुटली... मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं विचारलंसुद्धा, "त्यांची गाणी टेप केलेली असतील ना तुमच्याकडं? शोकसभेला लावू म्हणतो." या गोष्टीला सहा आठवडे झाले. माझा राग उतरलेला नाही. हे मी रागातच लिहितो आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मिशनच्या शाळेत आम्ही दोघं एका बाकावर बसायचो. तो ख्रिस्ती, मी मुसलमान, आणि दोघांनाही गणित येत नव्हतं, एवढ्यावर मैत्री जमली. गाणं शिकवायला एक गोऱ्या मडम होत्या. आवाज फुटायच्या वयात माझा फुटला तो फुटलाच. मनोहरचा मात्र फुटून आणखी वर चढला. मडम त्याला 'माय टेनर', म्हणजे माझा उंच गळ्याचा गवई, म्हणायच्या आणि आम्ही पोरं त्याला त्यावरून चिडवायचो. पुढे एका नाटक कंपनीने त्याला उचलला. काळी पाचच्या चढ्या पट्टीत गाणारा पुरुष, तोही न ओरडता! पहिल्या पदालाच वन्समोअर पडायचा. सहा वर्षं त्याने ते केलं आणि एक दिवस पेटी-पडदा सोडून पाद्री व्हायला निघाला. मी त्याला चारचौघांत वेडा म्हणालो. तो म्हणाला, "अरे, तेच पद, तीच जागा, तीच टाळी. मेलेलं गाणं रोज उकरून काढतोय मी. नक्को रे, दस्तगीर." माझ्याशी लाडात आला की तो असा आमच्या दखनीतला 'नक्को' वापरायचा.

पाद्री होऊन तो सोलापुरात परत आला तेव्हा कंपनीवाले म्हणाले, वाया गेला. चर्चवाले म्हणाले, नाटकवाला आला. त्याने भक्तीची गाणी रचली, आपल्या चालीवर, तबल्यासकट. तेव्हा हेच लाऊडस्पीकर मागायला आलेले गृहस्थ उभे राहून म्हणाले होते, "हा काय तमाशाचा फड आहे काय?" तबला बंद झाला. मनोहर नुसता हसला, आणि त्याच्या त्या हसण्याचाही मला राग आला होता. मनोहरच्या शोकसभेत मात्र माझ्याच माईकवरून त्यांनी 'दैवी स्वर' हा शब्द तीनदा वापरला. मला उठून माईकची वायर उपटावीशी वाटली. नाही उपटली. समोर वहिनी बसल्या होत्या.

पण चर्चमध्ये जे चाललं नाही ते त्याने माझ्या दुकानात चालवलं. मडम मायदेशी परतताना त्याला सेलवर चालणारा एक छोटा टेपरेकॉर्डर देऊन गेल्या होत्या, बरोबर टेपचं एकच स्पूल. दर महिन्याला तो दुपारी माझ्या दुकानात यायचा, आम्ही शटर अर्धं ओढायचो, पंखा बंद करायचो, आणि लाल बटण मी दाबायचो. एक नवं गाणं. मग ते मशीन सायकलला बांधून तो वळसंगला आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जायचा, जिथे गाणं सांगणारं कुणी नव्हतं. लोक ऐकून ऐकून गाणं पाठ करायचे. महिन्याने मशीन परत, आणि त्याच स्पूलवर, जुन्या गाण्याच्या उरावर, नवं गाणं.

मी किती भांडलो! मुंबईहून दुसरं स्पूल मागवतो म्हणालो, माझ्यातर्फे. तो ऐकेल तर शपथ. "बायबलात बघ, रानातल्या भुकेल्यांसाठी आकाशातून मान्ना पडायचा, दस्तगीर. त्या त्या दिवसाचा. उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडायचे." मी म्हटलं, "आमच्या कुराणातला मन्न-सलवा मलाही ठाऊक आहे, मला नको शिकवू. पण तुझा आवाज म्हणजे भाकरी नाही." तर म्हणाला, "मग काय आहे?" मी लाल बटण दाबलं. नऊ वर्षं, शंभराच्या आसपास गाणी, आणि प्रत्येक नव्या गाण्यासाठी आधीचं पुसणारं बोट माझंच. पंचांवर रागावणं सोपं आहे. त्या बोटाचं काय करू?

शेवटचं गाणं भरलं ते तो जायच्या आदल्या दुपारी. सेल उतरले होते, हे आम्हाला दोघांनाही कळलं नाही. सेल उतरले की टेप रेंगाळते, आणि रेंगाळत भरलेलं गाणं नव्या सेलवर लावलं की धावत सुटतं, आवाज चिरका होतो. लावून बघायला गेलो तर मशीन बंदच पडलं. "उद्या नवे सेल आण, पुन्हा घेऊ," म्हणाला आणि टोपी घालून गेला. उद्या लाऊडस्पीकर मागायला माणूस आला.

टेप आहे का, या प्रश्नाला मी त्यांना तोंडावर "नाही" म्हणालो. खोटं बोललो. पोरीसारख्या चिरक्या आवाजातला मनोहर त्या मंडपात लावायचा आणि लोकांनी तोंडाला रुमाल लावून हसायचं? नाही जमणार मला.

मागच्या रविवारी वळसंगला गेलो. निदान चाली तरी उतरवून घ्याव्यात म्हणून. साळूबाई नावाच्या म्हातारीने बायका जमवल्या. गायल्या बिचाऱ्या, पण सूर कुठल्या कुठे. आणि दुसऱ्या कडव्याआधी सगळ्या जणींनी एकदम घसा खाकरला! मी विचारलं, हे काय? "आता ते गान्यातच हाय की," साळूबाई म्हणाली. "पाद्रीबाबा तितं खाकरायचं, आमी बी खाकरतो." मला हसू आलं आणि लगेच डोकं तापलं. आवाज गेला आणि खोकला तेवढा उरला! मी तिच्यावर उगाच ओरडलो, "त्याचा आवाज राहिला नाही, कळतंय का तुम्हाला?" ती शांतपणे म्हणाली, "व्हय, कळतंय की. तुमी लई चिडलाय बाबा. जेवून जावा." मी जेवून आलो.

मशीन आता माझ्या दुकानात, रेडिओंच्या फळीवर आहे. नवे सेल घातलेत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी शटर अर्धं ओढतो आणि लावतो. आधी ते चिरकं धावणं सुरू होतं. मग मी डाव्या स्पूलवर अंगठा टेकवतो, हलकेच. जास्त दाबला तर रेडा हंबरल्यासारखं होतं, कमी दाबला तर पोरगी. मधे कुठेतरी एक जागा आहे, तिथे अंगठा स्थिर धरला की मनोहर काळी पाचवर येतो. न ओरडता. तिथे मला त्याच्या श्वासाचा आवाजसुद्धा ओळखू येतो. अंगठ्याला घट्टा पडलाय.

काल असाच ऐकत होतो. अर्ध्या शटरखालून वाकून एक माणूस रेडिओ घेऊन आत आला, त्याला मी हाताने थांब म्हटलं. गाणं संपलं. गाण्यानंतर टेपवर थोडा वेळ नुसतीच सळसळ आहे, आणि मग मनोहर अगदी जवळून म्हणतो, "बरं नाही झालं, दस्तगीर. पुसून टाक."

"नाही पुसत, जा!" मी ओरडलो. रेडिओवाला दचकून दोन पावलं मागे सरला.