देविदासनं तुडवलेला कापूस

माझी शेवटची पोस्टिंग पूर्वेकडच्या पहाडात होती. मी राळेगाव तालुक्यातला, आठवी पास, फौजेच्या कंपनीत मेस कीपर. नायक देविदास उमरखेडकडचा. जिल्हा एक, म्हणून त्यानं मला धरून ठेवलं. सुट्टीचा अर्ज लिहायला त्यानंच शिकवलं. आज घरापासून लांब, एका गेटवर ड्यूटी करत हे लिहितो आहे, तेही त्याच्याच जोरावर.

सकाळी ०५:४० ला भूकंप झाला. ०७:१५ ला आम्ही खालच्या गावात पोचलो. एका घराचं पुढचं दार ढिगाऱ्याखाली गेलं होतं. मागचं दार उघडेना. आतून मक्याची पोती दारापर्यंत रचलेली. पलीकडे मायलेकी अडकलेल्या.

रेडिओवर सुभेदार साहेब. "भिंत चिरली आहे. किती वेळ? ओव्हर."

"दहा मिनिटं, साहेब. ओव्हर."

देविदासनं दाराची फळी तोडली. तो पोती ओढायचा, मी मागं टाकायचो.

"आपल्या घरीबी असंच हाय बे," तो म्हणाला. "मागच्या दारापर्यंत कापूस. सुट्टीत मीच तुडवून भरला. सुनंदाले सांगा लागते, दार मोकळं कर म्हणून."

"मंग कर ना फोन."

"करतो. पोतं धर पयले."

०७:४० ला मायलेकी बाहेर आल्या. ०७:४२ ला दुसरा धक्का बसला. देविदास भिंतीखाली गेला.

दीड महिन्यानं सुट्टी मिळाली. घरी न जाता आधी त्याचं गाव गाठलं. उमरखेडच्या त्या भागातही जमीन अधूनमधून हादरते. रेल्वेत दोन रात्री मला तेवढंच सुचत होतं. सुनंदावहिनी आणि सासू पुढच्या खोलीत राहत होत्या. मागची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली.

मी निरोप सांगितला. वहिनी म्हणाल्या, "त्यायचे पाय लागले हायत त्याले. कोणाले हात लावू देत नाही मी."

सासू बाजेवरून म्हणाली, "मले चालता येत नाही, बापू. समोरचं दार अटकलं त मी कुठून निघू? इचार तिले."

मी तीन दिवस तिथंच थांबलो. भांडं वाजलं की उठून उभा राहायचो.

"बसा ना भाऊजी. मांजर हाय," वहिनी म्हणायच्या.

चौथ्या दिवशी दुपारी मांजर नव्हतं. जमीन हादरली, मांडणीवरचे गंज, भांडी खाली आली. वहिनी पळत दारापर्यंत गेल्या, सासूकडे पाहून माघारी फिरल्या आणि तिच्या अंगावर ओणव्या झाल्या. सगळं मिळून चार सेकंद.

संध्याकाळी त्या स्वतःच टोपलं घेऊन कापूस काढायला उठल्या. गल्लीतल्या पाच घरांनी आपल्या गोठ्यात जागा दिली. ज्याच्या गोठ्यात जेवढा मावला तेवढा त्यानं नेला. विकेपर्यंत सांभाळायची हमी त्याची. खालचा थर मात्र वहिनींनी एकटीनं काढला. आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला.

"भाऊजी, सकाळीच हादरलं. समोरची भिंत दारात पडली. बुढीले पाठीवर घेतलं अन् मांगच्या दारानं निघालो."

"लागलं काय कोणाले?"

"नाही. बुढी शिव्या देऊन राह्यली मले. चष्मा आतच राह्यला म्हणते."



रेकॉर्डमध्ये नायक देविदासच्या नावापुढं लिहिलं आहे: दोन जीव वाचवले. मी चार मोजतो.