दुसऱ्याच्या फ्रिजमधलं औषध

आईला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा नर्सबाईंनी बजावलं, औषध फ्रिजमध्येच ठेवायचं. आमची वस्ती कन्नड तालुक्यात, गावापासून लांब माळावर. मेंढरं, पत्र्याची छपरं, आणि विजेचे खांब गावाच्या वेशीपाशीच थांबलेले. मग गावात बैठक झाली. आजारी माणसांना गावानंच सांभाळायचं असं ठरलं आणि पाटलांनी मोठ्या मनानं आपला फ्रिज देऊ केला.

फ्रिज गावासाठी, पण होता पाटलांच्या स्वयंपाकघरात. गावातल्या बायका सरळ आत जायच्या. आई मागच्या दारी उभी राहायची. तिला कुणी अडवलं नव्हतं. आत या, असंही कुणी म्हणालं नव्हतं. आमच्या लोकांना एवढं पुरतं. सकाळी पाटलीणबाईंची पूजा चालू असली की थांबायचं, संध्याकाळी पाहुणे असले की थांबायचं. तिकडं मेंढरं कोंडलेली, ओरडतायत. मग ती सुई न घेताच त्यांच्यामागं निघायची. लग्नसराईत पाटलांचं घर कुलूप लावून शहरात गेलं, की औषध आत आणि आई बाहेर.

मी बजाजनगरला, कंपनीत. फोनवर विचारलं की म्हणायची, घेतलं. शेवटी पायाचं बोट काळं पडलं आणि कापावं लागलं. दवाखान्यातच मी तिच्यावर भडकलो, सांगितलं का नाहीस म्हणून.

"कुणाच्या दारात किती येळा उभं ऱ्हावं माणसानं?" ती म्हणाली. "आन् त्यांचे उपकार हायेत आपल्यावर."

उपकार! औषध सरकारचं, आजार हिचा, आणि उपकार फ्रिजवाल्याचे. तिथल्याच डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं की फ्रिज नसेल तर माठाच्या गारव्यातही औषध टिकतं. माठ तर वस्तीवर घरोघरी होता. पण ज्यांना आमची वस्तीच दिसली नाही, त्यांना माठ कुठून दिसणार? माझं डोकं अजूनही या एका गोष्टीनं तापतं.

पुढं गावात साहेब आले. लोकसहभागाबद्दल पाटलांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. आईला पहिल्या रांगेत बसवलं होतं, पायाला पट्टी. सगळ्यांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मी तिला बजाजनगरला घेऊन आलो. फ्रिज घेतला, खास तिच्यासाठी. तिला दार उघडून दाखवलं, औषधाचा कप्पा दाखवला. तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको पोळ्या लाटत होती. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून, पदर सावरून उभी. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. बायकोचं लक्ष गेलं तशी आई हळूच म्हणाली,

"सूनबाई, सवड झाली की माझं औषध देता का?"

आता वर्ष होत आलं. मी सांगून थकलो. ती अजून त्या फ्रिजला हात लावत नाही.