शेवटचा तुकडा

गुनवोर हालक्विस्त मठ्ठ नव्हती. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहराच्या ट्रामांची वेळापत्रकं तिनं उगाच का इतकी वर्षं बसवली? पहिली ट्राम डेपोतून निघण्याआधी शेवटच्या ट्रामची वेळ ठरलेली हवी, हा तिचा धर्म. आणि आता तोच धर्म तिला आडवा येत होता.

पन्नाशी उलटल्यावर बिनपगारी रजा घेऊन ती विद्यापीठात प्रोग्रॅमिंग शिकायला आली होती. एकदा नापास झाली होती. शुक्रवारच्या तोंडी परीक्षेत पुन्हा आपटली, तर परत डेपोतली ती खुर्ची. त्या खुर्चीचा तिला अगदी वीट आला होता.

गाडी अडली होती प्रोग्रॅमच्या एका ओळीवर. 'एकपासून पुढचे सगळे आकडे' अशी एक यादी त्या ओळीत केलेली होती. सगळे म्हणजे सगळे! त्यातले पहिले पाच मागितले की यंत्र पाच देऊन मोकळं.

"पण बाकीचे ठेवतं कुठे ते?" तिनं तोर्केलला विचारलं. तोर्केल शिकवायचा, पण तिकडे मास्तरांनाही अरे-तुरेच.

"कुठेच नाही. मागितल्याशिवाय ते काही करतच नाही. आळशी आहे."

"आळशी माझा पुतण्याही आहे. त्याच्याकडे मागूनसुद्धा काही मिळत नाही!"

वर्ग हसला. गुनवोर मात्र हसली नाही, कारण तिला खरंच काही कळलं नव्हतं.

गुरुवारी कॉफीच्या सुट्टीत तिनं घरून केलेला चॉकलेटचा केक मांडला. बघता बघता एकच तुकडा उरला, आणि नेहमीप्रमाणे सगळे छताकडे बघायला लागले. शेवटचा तुकडा उचलणं म्हणजे हावरटपणाच की!

"मी अर्धाच घेते हं," शेजारी बसणारी तूवा म्हणाली. उरलेल्याचा अर्धा तोर्केलनं घेतला. मागच्या बाकावरच्या सिक्स्टननं त्याचाही अर्धा केला. गुनवोर हे जन्मभर बघत आली होती, करतही आली होती. आज मात्र ती ताटलीकडे टक लावून बसली.

"थांबा! हे अर्धे आधी कुणी कापून ठेवले होते का?"

"छे! कशाला?" तूवा म्हणाली.

"हात पुढे आला, तेव्हा सुरी चालली. पुढचे तुकडे ताटलीत नाहीतच! आहे तो फक्त उरलेला, आणि तो कसा कापायचा ते आपल्याला माहीत."

तोर्केलनं कप खाली ठेवला. "अगं, हेच तर मी महिनाभर सांगतोय!"

"सांगत होतास. केक कुठे दाखवलास?"

शुक्रवारी तोंडी परीक्षेत तोर्केलनं विचारलं, "त्या यादीत एकूण आकडे किती, असं यंत्राला विचारलं तर?"

गुनवोर आधी बोटांवर मोजायला लागली. मग तिला ताटली आठवली.

"मोजतच बसेल बिचारं. यादीत खोट नाही. मागणाऱ्यानं कुठे थांबायचं ते ठरवायला हवं."

ती पास झाली. आनंदानं तिला रडूच फुटलं.

त्या दुपारी कॉफीबरोबर पुन्हा केक होता, पुन्हा एकच तुकडा उरला. सिक्स्टननं सुरी उचलली. गुनवोरनं स्वतःच्या वाढदिवसालाही कधी शेवटच्या तुकड्याला हात लावला नव्हता. आज तिनं तो अख्खा उचलला आणि तोंडात टाकला. सिक्स्टनची सुरी हवेतच राहिली.

बोटं चाटत तिनं डेपोला फोन लावला. "माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या," ती म्हणाली.