सरळ कापलेला तुकडा

माझ्या धाकट्या बहिणीला गोदामात सगळे पाठीमागे ‘करवत’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. नव्या माणसाला वाटतं, जिभेमुळे म्हणत असतील, आणि ते अगदीच खोटं नाही. पण नाव पडलं ते खऱ्याखुऱ्या करवतीमुळे. तिच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. माझ्याहून बरं लिहिणारं कुणी पुढे आलं नाही, म्हणून मी बसलोय.

तिच्या सासरचा धंदा स्टेज उभारण्याचा. सासऱ्यांच्या काळात लाकडी वासे आणि लोखंडी पाइप होते. एक आडवा पाइप उचलायला चौघं लागत आणि दिवस संपताना चौघांचीही कंबर गेलेली असे. ॲल्युमिनियमचे ट्रस आणायचं बहिणीने हट्टाने ठरवलं. ट्रस म्हणजे शिडीसारखा सांगाडा, लांब नळ्या आणि त्यांच्यामध्ये तिरक्या कांड्या. एक तुकडा एकटा माणूस खांद्यावर टाकून नेतो. तुकड्याला तुकडा जोडायचा, खुंटी ठोकायची, तिला क्लिप लावायची, की बघता बघता कमान तयार. सासरे म्हणाले होते, “ही तर पोरांची खेळणी.”

हलकं म्हणून माणसं ते लॉरीतून फेकतात. मग एखादी कांडी चेपते. चेपलेला तुकडा वर चढला की काय होतं, ते माझ्या मेहुण्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलंय. दिवा सरळ करायला ते वर गेले आणि कमान मधोमध मोडून त्यांच्यासकट खाली आली. तेव्हापासून ते कुबडी घेऊन गोदामाच्या फाटकाशी खुर्चीत असतात. बाहेरचं सगळं त्यांचा धाकटा भाऊ बघतो, आणि माल व माणसं माझी बहीण.

तिचा नियम एकच. चेपलेला तुकडा बाजूला ठेवायचा नाही. बाजूला ठेवलेली वस्तू घाईच्या दिवशी आपोआप परत लॉरीत चढते. तो तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, मधोमध कापायचा. कापते ती स्वतः. काकडी कापावी तसा सरळ काप, आणि त्याचा तिला अभिमान.

मी त्याच गोदामात शिवणकाम करतो. पडदे शिवतो आणि ट्रसवर चढवायच्या काळ्या खोळी.

त्या दिवशी एका गाद्यांच्या कंपनीचं प्रदर्शन होतं. मोठा हॉल, मध्ये कमान, कमानीखाली पाहुण्यांच्या खुर्च्या. कमान विंचच्या चाकीने डोक्याच्या उंचीपर्यंत ओढून थांबवली होती, म्हणजे जमिनीवरूनच दिवे टांगता येतात, खोळी चढवता येतात. सगळ्या खोळी सरसर गेल्या. मधली एक अडकली.

“शिंप्याचं माप चुकलं,” बहिणीचा दीर म्हणाला. “राहू दे तशीच. ओढू नका.”

मला ते लगेच पटलं. माझं माप चुकू शकतं. मी कात्री घेऊन शिवण उसवायला स्टुलावर चढलो, आत हात घातला, तर नळीवर गाठ लागली. दुसऱ्या नळीवरही तिथेच. मी बहिणीला हाक मारली. तिने हात घातला. कात्री माझ्या हातातून घेऊन तिने खोळ टराटरा फाडली. माझी दुहेरी शिवण होती, पण तिला आवरायची माझी छाती झाली नाही.

नळ्यांवर वेल्डिंग होतं. घासून वर काळा रंग मारलेला. तुकडा तिचाच होता, तिनेच कापलेला. यंदा सगळे ट्रस काळे रंगवायची टूम दिराने का काढली, ते आता कळलं.

“भाऊजी, हा कुणी जोडून आणला?”

“एवढे चांगले तुकडे भंगारात घालायचे का, वहिनी? तुम्ही इतका सरळ कापता की वेल्डरला काही कष्टच पडले नाहीत.”

“कमान उतरवा.”

“आता? पाहुणे यायला लागतील. उद्या तर काढायचीच आहे. आणि पडली तरी इथे गाद्याच गाद्या आहेत की.”

एक-दोघं हसले. बहिणीने मेहुण्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. जो कमानीसकट खाली आला तो माणूस तरी सांगेल, असं मलाही वाटलं होतं. मेहुणे सगळं ऐकून म्हणाले, “तुम्ही दोघं बघा ना आपसात. मी इथं बसून काय सांगणार?”

तिने फोन बंद केला. तिचा चेहरा असा झाला की हसणारे खाली बघायला लागले.

“ये,” ती दिराला म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. “या तुकड्याखाली उभा राहा. उद्यापर्यंत नको, कमान वर जाईपर्यंत राहा.”

“राहतो की,” म्हणत तो खरंच येऊन उभा राहिला, हाताची घडी घालून.

तिने विंचवाल्यांकडे पाहिलं. “फिरवा.”

चाकी कट् कट् वाजली. कमान वीतभरही हलली नसेल, दीर झटक्यात बाजूला झाला. बहिणीने लगेच हात वर करून चाकी थांबवली. विंचवाल्यांनी तिला विचारलंही नाही, चाकी उलटी फिरवून कमान खाली घेतली.

कंपनीचा साहेब तोंडाला येईल ते बोलला. कमानीशिवाय, नुसते दोन खांब आणि जमिनीवर टेकवलेली कंपनीच्या नावाची पाटी, असं ते प्रदर्शन झालं. दीर लॉरीत जाऊन बसला.

तो तुकडा बहिणीने कुणाला उचलू दिला नाही. स्वतः खांद्यावर टाकून ती गोदामाच्या फाटकातून आत आली आणि मेहुण्यांच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर तो आडवा ठेवला. मग करवत आणून त्यांच्या हातात दिली.

“आपसात बघून झालं. आता तुम्ही कापा.”

“अगं, मला बसून कसं—”

“बसूनच सगळं चाललंय ना?”

मेहुण्यांनी वेल्डिंगच्या गाठीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. मग करवत बरोबर त्याच गाठीवर टेकवली.

“तिथे नको,” ती म्हणाली. “सरळ कापला की पुन्हा जोडतात. तिरका कापा. आणि तीन ठिकाणी.”

तुकडा डगमगत होता. मी टोक धरायला पुढे झालो.

“दादा, तू बस,” ती म्हणाली. स्वतःही तिने टोक धरलं नाही. हात कमरेवर ठेवून समोर उभी राहिली.

मेहुण्यांनी कुबडीने तुकडा खुर्चीशी दाबून धरला आणि करवत तिरकी केली.